घरचा माल

मु. बार्शीटाकळी
कार्तिक शुद्ध अष्टमी, शके १७८६

खुशाल,

जोशीबुवा वर ‘राजमान्य राजश्री खुशालराव’ लिहायले निघाले होते. मी म्हणलं, बुवा, थांबा. त्याचं नाक पुसून पुसून मी त्याले मोठा केला. अमरावतीले पेढी घातली म्हणून तो राव झाला असन तर बाजाराले झाला. मले तो नुसता खुशाल हाय. तसंच लिवा.

मले लिहिता येत नाही अन् तुले वाचता येत नाही. माझं जोशीबुवा लिहून राहिले, तुझं तुझे मुनीमजी वाचतीन. तर मुनीमजी, पेढीवर लोक बसले असतीन तरी मोठ्यानं वाचा. लाजू नका. मालकाची सख्खी थोरली बहीण, त्याची ‘बाई’, बोलून राहिली, कोणी परकं नाही.

भाऊबीजेले ओवाळणीचं ताट तसंच टाकून मी बंडीत बसली, याचं तुमाले नवल वाटलं म्हणे. तुझ्या बायकोनं, शालूनं, सांगावा धाडला, ‘वन्सं कायले रुसल्या?’ शालू, खरं म्हणजे हे तुझ्या नवऱ्यानं सांगायले पाहिजे. तो सांगत नाही, म्हणून मी सांगते.

मागच्या माघात आमचा कापूस तुमच्याकडे आला. आमाले अकोल्याचा बाजार हाकेवर. आमच्या घरधन्यांनी (नाव मी घेत नाही, बुवा लिहितीन: नत्थुजी) म्हणलंबी, का दारातला बाजार सोडून बंड्या अमरावतीले काहून हाकायच्या? मी म्हणलं, तिथं माझा भाऊ अडत्या हाय. त्या अमेरिकेत लढाई पेटल्यापासून कापसाले सोन्याचा भाव आला, जो तो लुटायले बसला. आपला माणूस असला का घोर नाही. असं मी म्हणलं, शालू. ह्याच तोंडानं म्हणलं.

बाजाराची रीत तुले ठाऊक नसन. इकणाऱ्याच्या वतीनं अडत्या बसतो, घेणाऱ्याच्या वतीनं दलाल. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात, अन् रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तोंडातून शब्द निघत नाही. इकणारा बिचारा बाजूले बसून नुसता रुमाल हालताना पायतो. मंग अडत्या उठून सांगतो, इतका आला. आपण तो खरा मानायचा. माझ्या वतीनं तो भांडला, म्हणून त्याले त्याची अडत द्यायची.

त्या दिवशी रुमालाखाली एक हात खुशालचा होता अन् दुसरा कोणाचा, तर सहदेवाचा. तुझा भाऊ सहदेव, शालू, जो तुमच्याच ताटात जेवते अन् तुमच्याच ओसरीवर निजते. खुशालचा उजवा हात खुशालच्याच डाव्या हाताशी भाव करून राहिला होता, अन् माझा भोळा नवरा समोर बसून मान डोलावून राहिला होता. ‘दाजी, मिर्झापूरकडचं गिऱ्हाईक हाय, घाईत हाय, याच्या वर भाव निघत नाही.’ हे तुझे शब्द, खुशाल. मंग तू अडत कापून घेतली. बहिणीची म्हणून थोडी सोडली, तेबी चारचौघांत ऐकवलं.

चैतात तुझ्या पोरीच्या बारशाले मी आली. शालूनं मले मागच्या वखारीतून गहू काढायले धाडलं. तिथं माझा बोजा होता. मी दहा गावच्या कापसातून माझा बोजा ओळखीन. पहिल्या वेचणीच्या आधी वावराच्या कोपऱ्यात आमी सीतादही करतो, दहीभात ठेवतो, अन् त्या दिवशीच्या कापसाच्या बोज्याचं तोंड मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठानं शिवते. काठ माझा, टाका माझा. घाईतलं गिऱ्हाईक माघातला माल चैतापर्यंत तुझ्या वखारीत ठेवून कुठं गेलं होतं रे?

तेवढ्यात तू मुंबईच्या कोठीच्या माणसाले घेऊन आला. मी गव्हाच्या कणगीमागं होती. त्यानं बोजा दाबून पायला अन् इचारलं, ‘माल कोणाचा?’

तू म्हणला, ‘घरचा.’

व्यापाऱ्याच्या बोलीत घरचा म्हणजे स्वतःच्या खात्यावर घेतलेला, हे मले बाबांनी शिकवलं होतं. पण तसाबी घरचाच होता ना रे तो. तुझ्या घरच्या लेकीचा होता. जाताना तो माणूस बंडीवाल्यांले भाव सांगत गेला. आमाले तू दिला त्याच्या दीडीनं होता.

मी तवा बोलली नाही. बारसं नासवायचं नव्हतं. वाटलं, हा आपणहून सांगीन. आखाडी गेली, पोळा गेला, दसरा गेला. दिवाळीले माहेरी आली, मायचं निरांजन संग आणलं, तुले ओवाळायले बसली. अन् बाबा उपरणं टाकायचे तसा मी तुझ्या हातावर माझा पदर टाकला. आठवते? बाबा आपल्याले उपरण्याखाली बोटं शिकवायचे. तू नेहमी हरायचा. खोटा भाव दाबला का तुझा अंगठा आपोआप वर यायचा. मी म्हणलं, शालूसमोर तोंडानं नको बोलू, नुसतं दाब. आमचा कापूस घेणारा कोण? परका असन तर दोन बोटं दाब. तू असशीन तर अंगठा.

तू हात असा काढला जसा निखाऱ्यावर पडला. अन् ताटात रुपया टाकला.

तो रुपया, ते ताट, ते जळतं निरांजन, सगळं तिथंच ठेवून मी उठली. मले तुझे पैसे नको. मले एक शब्द पाहिजे. घेणारा कोण, एवढं तोंडानं सांग. तोवर मले भाऊ नाही.

तुझी बाई,
माणिक


मु. बार्शीटाकळी
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १७८६

खुशाल,

तुझं पत्र पोचलं. जोशीबुवा वाचायले लागले तवा वाटलं साहेबाच्या कचेरीतून हुकूमच आला. ‘वडील भगिनी सौभाग्यवती माणिकबाई यांचे सेवेशी. सदरहू मालाची विक्री रिवाजाप्रमाणे झाली असून गिऱ्हाइकाचे नाव जाहीर करण्याचा पेढीचा रिवाज नाही.’ वा रे वा! मले लिहिता येत नाही म्हणून बुवा लागतात. तुले खरं बोलता येत नाही म्हणून मुनीम लागतात. मुनीमजी, एवढं पुन्हा एकदा वाचा, पेढीवरच्या लोकांले ऐकू गेलं नसन.

खाली लिहिलं, का भाव पुढं वाढला तो वाढला, माल धरून ठेवायची जोखीम पेढीनं घेतली, त्याचा नफा पेढीचा. घे ना जोखीम! कोणी नाही म्हणलं? मालक होऊन घे. ‘बाई, तुझा कापूस मलेच पाहिजे, मी इतका देतो’ असं तोंडावर म्हणला असता तर मी तुले बाजारापेक्षा कमीनं दिला असता. भाऊ म्हणून दिला असता. मंग तू तो दीडीनं इक नाहीतर दुपटीनं इक, मी तुझी पाठ थोपटली असती. पण तू माझा माणूस म्हणून बसला अन् माझ्याचविरुद्ध भाव पाडला. वर माझ्या वतीनं भांडला म्हणून मजुरीबी घेतली. कोणाशी भांडला रे? आरशाशी?

आमचे हे म्हणतात, जाऊ दे, तो काय एकटाच करते? सगळे अडते करतात. मी म्हणलं, सगळे अडते माझ्या मायच्या पोटचे नाहीत.

अन् पत्रासंग लुगडं धाडलं. लाल, रुंद काठाचं, उंची. शेजारची वच्छला बोट लावून पाहत होती. तिच्यासमोरच मी ते उभं फाडलं. उंची कापडाचा आवाजबी मोठा होतो. त्याच्या चिंध्या करून ठेवल्या हायत. औंदा माझ्या एकूणएक बोज्याचं तोंड मी त्यानं शिवणार. तुझा आहेर वाया नाही गेला.

आता मी तुले काही इचारत नाही. आता बाकीचे इचारतीन.

माणिक


मु. बार्शीटाकळी
माघ शुद्ध दशमी, शके १७८६

खुशाल,

ऐकते का तुझ्या अडतीवर औंदा आमच्याकडची एकबी बंडी आली नाही. तू ह्यांले निरोप धाडला का बाई तुझी बदनामी करून राहिली. खोटं हाय. मी तुझं नावबी घेतलं नाही. शपथ घ्यायले तयार हाय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले घरोघरी गेली. वाण लुटलं, तिळगूळ दिला, अन् एकेकीले एवढंच इचारलं, ‘मागच्या साली तुमचा कापूस घेतला कोणी?’ बस. गोदाबाई म्हणे, ‘काय ठाऊक बाई, अडत्यानं इकला.’ मी म्हणलं, ‘इकला तो अडत्यानं. पण घेतला कोणी?’ ती घरी गेली अन् तिनं नवऱ्याले इचारलं. नवऱ्यानं डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी तो पारावर बसून दुसऱ्याले इचारून राहिला होता. बायांच्या तोंडून निघालेला सवाल पिंजरपावेतो गेला, मूर्तिजापुरापावेतो गेला. कोणालेच सांगता येईना. एवढ्या बंड्या भरून माल गेला अन् तो घेणाऱ्याचं तोंड कोणी पायलं नाही!

मंग ह्यांनी अन् गावच्या चार शहाण्यांनी ठरवलं. अकोल्याच्या बाजारात कडुलिंबाखाली बंड्या सोडायच्या. अडत्या नको, रुमाल नको. ज्याले पायजे त्यानं समोर यावं, तोंडानं भाव बोलावा, अन् कोणासाठी घेते ते नाव घेऊन बोलावं. दलाल आधी लय हसले. एक म्हणे, ‘बायकांचा बाजार भरला!’ पण कापूस काय त्यांच्या हसण्यानं काळा पडते? मुंबईले माल पायजे होता, अन् चांगला माल कडुलिंबाखाली होता. हळूच एक आला, मंग दुसरा. उघड्या तोंडानं बोली लागली तर भाव वरच चढते रे बाबा. एकानं बोललेलं दुसऱ्याले ऐकू जाते ना!

मी तिथंच बैलांच्या दमणीत पडद्याआड बसते. काल सहदेव आला. डोक्यावर कोणाची तरी पगडी, कपाळापर्यंत खाली ओढलेली. म्हणते, ‘सगळा माल एकगठ्ठा घेतो. मुंबईच्या कोठीसाठी.’ मी पडद्याआडून म्हणलं, ‘सहदेवा, पगडी ढिली झाली तुझी.’ लोक जे हसले! तो पगडी धरून पळाला.

तुले कापूस पायजे हे मले समजलं. भाव रोज चढून राहिला, तुझी वखार रिकामी हाय, अन् तुझा जीव खाली-वर होऊन राहिला. माझ्याजवळ माल हाय. घरचा राखून ठेवला हाय, गावच्या आणखी चार घरांचाबी हाय. तुलेच देईन, म्हणशीन तर. पण रोख. अन् तू स्वतः यायचं. बाजारात उभं राहून, सगळ्यांसमोर म्हणायचं, मी, खुशाल, माझ्यासाठी घेतो. गिऱ्हाईक म्हणला का बंड्या परत फिरतीन.

माणिक


मु. अकोले
फाल्गुन शुद्ध तृतीया, शके १७८६

खुशाल,

तू गेल्यावर लगेच हे लिहून राहिली. बुवा संगच आले होते.

मले वाटलं होतं तू येणार नाही. आला तरी बोलणार नाही. पण तू तर हत्तीवरून आल्यासारखा आला. जरीचा रुमाल खांद्यावर, अत्तराचा फाया कानात. कडुलिंबाखाली उभा राहून छातीवर हात मारला अन् म्हणला, ‘मी, खुशालराव अमरावतीकर, माझ्यासाठी घेतो. घरचा माल! सगळा! उरला असन तर तोबी!’ अन् पडद्याकडं पाहून हसला, ‘बाई, झालं का समाधान?’

मागच्या सालच्या माघातल्या एका भावात तुझी नियत फिरली होती. आता इतका भाव चढला का तुले लाजबी राहिली नाही. तुले वाटलं, एका शब्दानं काय जाते? बाई खूश, माल आपला, पुढच्या महिन्यात दीडीनं इकू.

मी वर्षभर ज्या शब्दाची वाट पाहत होती तो तू पानाची पिंक टाकावी तसा टाकला. मले कसं वाटलं ते आता सांगते. काहीच वाटलं नाही. उलट आग झाली. भाऊ म्हणून पदराखाली जे तुले दाबता आलं नाही ते व्यापारी म्हणून बाजारात ओरडता आलं.

भाव मी कसून घेतला. पण सांगून घेतला, उघड घेतला. तू पुढं ये म्हणलं, तू आला. रोख मोजले. ते कुठून आणले मी इचारलं नाही, थैल्यांवर अकोल्याच्या दोन सावकारांच्या मोहरा होत्या त्या मले दिसल्या. माल उचलताना बोज्यांच्या तोंडाची लाल शिवण तू पायली, अन् मान फिरवली. लुगड्याचा रंग चांगला टिकला हाय.

उन्हात आला होता. तुले पाणी इचारायचं ह्यांच्या तोंडावर आलं होतं. मी पडद्याआडून ह्यांले खूण केली, नको. गिऱ्हाइकाले पाणी इचारायचा आमच्याकडं रिवाज नाही.

माणिक


मु. बार्शीटाकळी
ज्येष्ठ वद्य द्वितीया, शके १७८७

खुशाल,

लढाई संपली म्हणे. इतक्या लांब, त्या लोकांनी बंदुका खाली ठेवल्या अन् इथं कापसाचा भाव जमिनीवर आला. चैतापासून पडूनच राहिला. आमच्या गावात अजून काहीजण म्हणतात, पुन्हा पेटीन. दुसऱ्याची घरं पेटावी म्हणून देवापुढं बसलेले लोक मी पहिल्यांदाच पायले.

तुझं पत्र आलं. ह्या खेपेले त्यात ‘सदरहू’ एकबी नाही. मुनीमजीनं तुझ्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलेलं दिसते. ‘बाई, तुझ्या पाया पडतो. सावकार येतीन. एवढं एकच म्हण, खुशालनं मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी घेतला होता, तो नुसता अडत्या होता. मंग ते गिऱ्हाइकाच्या मागं लागतीन, माझी पेढी वाचीन. एक शब्द, बाई.’

पत्र सोमवारी आलं, सावकार बुधवारी. ओसरीवर बसले. आमच्या ह्यांनी पाणी दिलं, पान दिलं. ते म्हणाले, ‘तुमचा भाऊ म्हणतो घेणारा दुसराच होता, मी मधला माणूस. बाजारातले लोक आता ऐकलं नाही म्हणतात, अर्धे त्याले भितात, अर्ध्यांचे त्याच्याशी लागेबांधे हायत. इकणारी सांगीन ते आमी मानू. बाई, घेणारा कोण?’

तोच सवाल, खुशाल. माझाच सवाल, दुसऱ्याच्या तोंडून माझ्याच ओसरीवर आला.

ह्यांनी मले आत बोलावलं. म्हणाले, ‘माणिक, एक खोटं बोलून त्याचं घर वाचत असन तर बोल. भाऊ हाय तुझा.’ माझा नवरा, ज्याले तू रुमालाआड मूर्ख बनवलं, तो तुझ्यासाठी हात जोडून राहिला होता. ते पाहून तर मले तुझा आणखीच राग आला. इतका साधा माणूस होता रे! त्याले फसवायले रुमालबी लागत नव्हता, तू नुसतं मागितलं असतं तर त्यानं बंडी खाली करून दिली असती.

मी दाराआड उभी राहिली अन् सांगतलं, ‘तो म्हणला, मी, खुशालराव अमरावतीकर, माझ्यासाठी घेतो, घरचा माल. एवढं म्हणला. गिऱ्हाइकाचं नाव त्यानं घेतलं नाही.’

ते उठले. जाताना मोठा सावकार म्हणाला, ‘बाई, तुमच्या शब्दानं भाऊ बुडते, हे ठाऊक हाय ना?’ मी म्हणलं, ‘माझ्या नाही. त्याच्या.’

मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू, लय बरं वाटलं. त्या दिवशी भाकर गोड लागली. पुरणाचं जेवण असल्यासारखी जेवली मी. दुसऱ्या दिवशीबी बरं वाटलं. त्यापुढचं तुले सांगत नाही.

तुले वाटत असन का बाईनं सापळा लावला, लढाई संपायची तिले आधी कळली. अमरावतीच्या दलालांले कळली नाही ते बार्शीटाकळीच्या बाईले कुठून कळीन? मी तुले बुडवायले माल इकला नाही. मले तुझं तोंड उघडायचं होतं. उघडलं. त्यातून जे बाहेर पडलं तेच तुझ्या अंगावर आलं. गिऱ्हाईक गिऱ्हाईक म्हणून तू नसलेला माणूस उभा केला होता ना, आता तो खरंच लागला तवा तो कुठंच नाही.

माणिक


मु. बार्शीटाकळी
आश्विन वद्य द्वादशी, शके १७८७

खुशाल,

तुझे मुनीमजी गेले, ऐकलं. दुसऱ्याच्या पेढीवर बसतात म्हणे. मंग तुले हे पत्र वाचून कोण दाखवीन? म्हणून जोशीबुवांलेच धाडून राहिली. त्यांचं जेवण शालूकडं. बुवा, पोचल्यावर हळू वाचा. ह्या वेळी मोठ्यानं वाचायचं नाही.

आमचे हे मागच्या आठवड्यात अमरावतीले गेले होते. मी धाडलं नव्हतं, आपणहून गेले. परत आले, बैल सोडले. मंग ओट्यावर बसून सांगतलं. तू दिवाळं काढलं. पेढीवरची गादी उलटी टाकली अन् भर दुपारी दिवा लावून बाजूले बसला, बुडालेले व्यापारी बसतात तसा. येणारे जाणारे दिवा पाहून समजून गेले. कोणी आत आलं नाही. सहदेव तर लढाई संपली तवाच सासुरवाडीले पळाला म्हणे.

मी इचारलं, ‘दिवा कोणता होता?’

हे पायताण घालून उठायले लागले. मी म्हणलं, सांगा. तवा म्हणाले, ‘निरांजन होतं. पितळी. एका अंगानं चेपलेलं.’

मायच्या हातून आडावर पडलं होतं ते. तू कडेवर होता तिच्या. चेपलं म्हणून तिनं टाकलं नाही, मले लग्नात दिलं, म्हणली, भावाले ह्यानंच ओवाळत जाय. त्याच निरांजनानं मी तुले ओवाळत होती, तू हात काढला, अन् मी ते जळतं सोडून आली. बाकी सगळं सावकारांनी नेलं असन. चेपलेलं पितळ कोण नेते?

खुशाल, मी तुझं वाईट चिंतलं. वर्षभर चिंतलं, उठता बसता चिंतलं. तुझी पेढी जावी, राव जावा, जरीचा रुमाल जावा, हे सगळं मी मागितलं अन् मले मिळालं. त्याचं मले वाईट वाटत नाही. बुवा, हे असंच लिवा. पण मायचा दिवा त्यात मागितला नव्हता.

राग गेला असं समजू नको. गेला नाही. तू आजबी एकदा ‘मी घेतला’ म्हणला नाही. बाजारात म्हणला तो नफ्यासाठी म्हणला. सावकारांपुढं नाही म्हणला तो पेढीसाठी नाही म्हणला. मले, तुझ्या बाईले, त्या पहिल्या कापसाचं अजून सांगतलं नाही. मी तिथंच उभी हाय, पदर टाकून.

ते निरांजन माझं हाय. मले परत पायजे. बुवांच्या हाती देऊ नको. शालूच्याबी नको. भाऊबीजेले तू स्वतः घेऊन ये. बंडी नसन तर पायी ये.

दार मी लावून ठेवीन. तू कडी वाजवशीन. मी आतून इचारीन, ‘कोण हाय?’

गिऱ्हाईक म्हणला तर आल्या पावली परत जाय. खुशालराव म्हणला तरी परत जाय, त्या नावाचा माणूस आमच्या ओळखीचा नाही.

नुसतं ‘मी’ म्हण. मले आवाज ओळखता येते.

तुझी बाई